किती पिक्सेल पुरेसे? डिजिटल चित्रकाराच्या टॅब्लेटचा आढावा

टॅब्लेटवर चित्रे काढणाऱ्या प्रत्येकासमोर कधी ना कधी एक प्रश्न उभा राहतो. हातातला टॅब्लेट व्यवस्थित चालतो आहे, पण बाजारात त्याच आकाराचा, दुप्पट किंवा चौपट पिक्सेलचा टॅब्लेट आला आहे. तो घ्यावा का? कला महाविद्यालयातून नुकताच बाहेर पडलेला विद्यार्थी, दिवाळी अंकांची आणि बालपुस्तकांची चित्रे करणारी चित्रकार, अ‍ॅनिमेशन स्टुडिओसाठी पार्श्वभूमी रंगवणारा कलावंत, घरी बसून परदेशातली कामे करणारा कॉमिक्सकार, या सगळ्यांना हा निर्णय घ्यावा लागतो. रक्कम लहान नसते. आपल्याकडे चित्रांचे मानधन किती मिळते आणि ते कधी हातात पडते हे ज्याला माहीत आहे, त्याला या खर्चाचे वजन वेगळे सांगायला नको.

जाहिरातीत आणि खोक्यावर रिझोल्यूशनचा आकडा सर्वांत ठळक छापलेला असतो. त्यामुळे निर्णयही त्याच आकड्यावर होऊन जातो. तो तसा होऊ नये, म्हणून हा आढावा. त्याचा गाभा आधीच सांगतो. पडद्याचे रिझोल्यूशन डोळ्यांच्या सोयीसाठी असते. हाताला ज्या गोष्टी लागतात त्या निराळ्या असतात, आणि चित्राची प्रत ठरवणारी गोष्ट आणखीच निराळी असते. हे तीन हिशेब वेगवेगळे मांडले की कोणी पैसे खर्च करावेत आणि कोणी राखून ठेवावेत, हे बऱ्यापैकी स्पष्ट होते.

तीन मोजमापे

पहिले मोजमाप पेनाचे. पेन टॅब्लेटच्या पृष्ठभागाखाली पेनाची जागा टिपणारे जाळे असते. ही जागा किती बारकाईने टिपली जाते ते इंचाला अमुक रेषा अशा हिशेबात सांगतात. तपशिलात ते एलपीआय म्हणून दिलेले असते.

दुसरे मोजमाप पडद्याचे. फुल एचडी म्हणजे १९२० × १०८० पिक्सेल, २.५के म्हणून विकले जाणारे पडदे साधारणपणे २५६० × १४४० पिक्सेलचे, आणि ४के म्हणजे ३८४० × २१६०. एकूण पिक्सेल मोजले तर फुल एचडीत सुमारे २१ लाख, २.५के मध्ये ३७ लाख आणि ४के मध्ये ८३ लाख भरतात. मात्र नुसत्या एकूण संख्येवरून पडदा किती रेखीव दिसेल हे कळत नाही. तेवढेच ठिपके उंबऱ्यापुढच्या छोट्या रांगोळीत घातले तर ते दाट दिसतात, अंगणभर पसरले तर त्यांच्यातली मोकळी जागा दिसते. पडद्याचेही तसेच आहे. म्हणून पाहायचा आकडा म्हणजे इंचाला किती पिक्सेल, म्हणजेच पीपीआय.

तिसरे मोजमाप कॅनव्हासचे, म्हणजे प्रत्यक्ष चित्राच्या फाइलचे. ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी, छापायच्या ए-४ पानासाठी कॅनव्हास २४८० × ३५०८ पिक्सेलचा लागतो. हा कॅनव्हास जुन्या फुल एचडी पडद्यावर रंगवला काय आणि नव्या ४के पडद्यावर रंगवला काय, फाइलमधले पिक्सेल तेवढेच राहतात. नवा पडदा घेतला की छापील चित्र अधिक सुबक येईल, ही समजूत बऱ्याच जणांची असते. छापील चित्राची स्पष्टता कॅनव्हासवर ठरते, आणि कॅनव्हास मोठा करायला पैसे पडत नाहीत.

पेनाची शर्यत कधीच संपली

१९६३ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी एमआयटीत स्केचपॅड हा प्रोग्रॅम तयार केला. त्यात प्रकाशपेनाने थेट पडद्यावर रेघ काढता येत होती. पुढच्याच वर्षी, १९६४ मध्ये, अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशनने आपला टॅब्लेट मांडला. त्याचा पृष्ठभाग १० × १० इंचांचा होता आणि दोन्ही दिशांना १०२४ जागा ओळखल्या जात होत्या, म्हणजे इंचाला साधारण १०० रेषा. आज सर्वत्र दिसणाऱ्या टॅब्लेटची वाट जपानच्या वॅकॉम कंपनीने रुळवली. १९८३ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीने विद्युतचुंबकीय अनुनादाचे तंत्र वापरले. त्यात पेनाला वायर लागत नाही आणि बॅटरीही लागत नाही. १९९८ मध्ये आलेला वॅकॉमचा इंट्युओस इंचाला २५४० रेषांचा होता. २००४ च्या इंट्युओस-३ मध्ये हा आकडा ५०८० झाला.

त्यानंतर दोन दशके उलटली, तरी व्यावसायिक दर्जाच्या टॅब्लेटचा आकडा बहुतेक ठिकाणी ५०८० वरच आहे. याचे कारण सरळ आहे. ५०८० म्हणजे मिलिमीटरला २०० रेषा. कोणत्याही चित्रकाराचा हात मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाइतका स्थिर नसतो, आणि तेवढा बारकावा दाखवणारा पडदाही नाही. २७ इंची ४के मॉनिटर घेतला तरी त्यावर इंचाला १६३ च पिक्सेल असतात. पेनाची बारकाई पडद्याच्या कितीतरी पुढे निघून गेली आहे.

दाबाच्या पातळ्यांची कथा अशीच आहे. १०२४, मग २०४८, मग ८१९२, आणि आता काही कंपन्या १६३८४ पातळ्यांची पेने विकतात. ८१९२ आणि १६३८४ यांतला फरक रेघेत ओळखून दाखवावा, असा हात मला भेटलेला नाही. एलपीआय किंवा दाबाच्या पातळ्या वाढल्या एवढ्यासाठी नवा टॅब्लेट घेण्यात अर्थ नाही.

पडद्यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. वॅकॉमचा २००१ चा पडद्याचा टॅब्लेट सिंटिक १५एक्स हा १०२४ × ७६८ पिक्सेलचा होता, म्हणजे इंचाला जेमतेम ८५. २०११ च्या सिंटिक २४एचडीत इंचाला ९४ पिक्सेल होते. २०१५ चा २७ इंची सिंटिक १०९ वर होता. २०१६ च्या अखेरीस सिंटिक प्रो जाहीर झाले आणि १५.६ इंचांत ४के आल्यावर हा आकडा २८२ वर गेला. पुढे हुइऑन, एक्सपी-पेन यांसारख्या चिनी कंपन्यांनी पडद्याचे टॅब्लेट पुष्कळ स्वस्त केले आणि २.५के आणि ४के हे पर्याय मध्यम उत्पन्नाच्या चित्रकारासमोरही आले. म्हणजे खरी वाढ पडद्यात झाली आहे. आता ती वाढ किती उपयोगाची आहे ते पाहू.

डोळ्याला किती दिसते

निरोगी डोळा साधारणपणे एक कोनीय मिनिट, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनातले दोन ठिपके वेगळे ओळखतो. त्यावरून अंतराचा हिशेब निघतो. ३० सेंटिमीटरवरून पाहताना इंचाला सुमारे २९० पिक्सेल असले की ते वेगळे दिसेनासे होतात. ४० सेंटिमीटरवर ही मर्यादा २१८ च्या आसपास येते, ५० सेंटिमीटरवर १७५ आणि ६० सेंटिमीटरवर १४५.

मोबाइल आपण डोळ्याजवळ धरतो. पडद्याच्या टॅब्लेटवर काम करताना डोळा आणि पडदा यांत बहुतेकांचे ४० ते ५० सेंटिमीटर अंतर असते. बारीक काम आले की मान पुढे जाते आणि अंतर कमी होते. मोठा मॉनिटर समोर ठेवून बिनपडद्याच्या टॅब्लेटवर काढणारे ६० सेंटिमीटर किंवा त्याहूनही लांब बसतात. त्यामुळे एकच पीपीआय एका चित्रकाराला पुरतो आणि दुसऱ्याला अपुरा वाटतो.

या हिशेबाला एक पुरवणी जोडायला हवी. दोन ठिपके वेगळे ओळखण्यापेक्षा रेघेतली मोड ओळखण्यात आपला डोळा कितीतरी तीक्ष्ण आहे. तिरक्या रेघेतल्या पायऱ्या म्हणूनच मर्यादा ओलांडल्यावरही थोड्याफार जाणवतात. सॉफ्टवेअर रेघेच्या कडांना मधल्या छटा देऊन या पायऱ्या बुजवते आणि बहुतेक वेळा तेवढ्याने भागते. पण देवनागरी सुलेखन करणाऱ्यांना, बोरूच्या तिरक्या कापाची अक्षरे पडद्यावर काढणाऱ्यांना, दाट पडद्याचा फायदा इतरांपेक्षा लवकर जाणवतो. शिरोरेघ आडवी असल्याने ती कोणत्याही पडद्यावर स्वच्छ दिसते. कस लागतो तो तिरक्या उतरणीचा आणि बारीक होत गेलेल्या टोकांचा.

आकारानुसार हिशेब

आता बाजारातले नेहमीचे आकार घेऊ.

२१.५ इंची फुल एचडी पडदा: इंचाला १०२ पिक्सेल. ४५ सेंटिमीटरवरून साधारण १९४ लागतात, म्हणजे इथे गरजेच्या निम्मेच आहेत. एक पिक्सेल पाव मिलिमीटरचा होतो आणि तो दिसतो. पोर्ट्रेटमधल्या पापण्या, दूरच्या माणसांचे चेहरे, बारीक क्रॉस-हॅचिंग यांसाठी सतत झूम करावे लागते.

१५.६ इंची फुल एचडी: १४१ पिक्सेल. रोजच्या कामाला चालते. जवळून पाहिले तर पिक्सेल जाणवतात, पण डोळा त्याला सरावतो.

१३.३ इंची फुल एचडी: १६६ पिक्सेल. ११.६ इंची फुल एचडी: १९०. हे पडदे मुळातच पुरेसे दाट आहेत. इथे अडचण होते ती जागेची. मनगट फिरते, कोपर फिरत नाही.

१५.६ इंची २.५के: १८८ पिक्सेल. नेहमीच्या अंतरावरून मर्यादेच्या अगदी जवळ.

२४ इंचांच्या आसपासचा ४के: सुमारे १८५ पिक्सेल. म्हणजे छोट्या २.५के पडद्याएवढाच दाटपणा, पण दुपटीहून जास्त क्षेत्रफळावर.

१५.६ इंची ४के: २८२ पिक्सेल. ३० सेंटिमीटरवर डोके नेले तरच याचा पूर्ण उपयोग. बहुतेक काम जिथून होते त्या अंतरावर याच आकाराच्या २.५के च्या तुलनेत फरक थोडाच दिसतो, आणि किंमत मात्र बरीच वाढते.

यावरून एक गोष्ट कळते. ४के हा मोठ्या पडद्याचा गुण आहे. लहान पडद्याला २.५के पुरते. २२ इंची फुल एचडीवरून २४ इंची ४के वर जाणाऱ्याला पहिल्याच दिवशी फरक दिसेल. १३ इंची फुल एचडीवरून १६ इंची ४के वर जाणाऱ्याला जे सुख मिळेल, त्यातले बरेचसे वाढलेल्या आकाराचे असेल.

जास्त पिक्सेलचा खरा लाभ

दाट पडद्याचा सर्वांत मोठा फायदा रेघ गुळगुळीत दिसण्यापुरता नाही. त्यामुळे चित्र एकाच वेळी पूर्ण आणि तपशिलात दिसते. ए-४ च्या ३०० डीपीआय कॅनव्हासची उंची ३५०८ पिक्सेल आहे. फुल एचडी पडद्यावर पूर्ण पान बसवायचे तर ते ३० टक्क्यांच्या आसपास लहान करून पाहावे लागते, आणि सॉफ्टवेअरच्या पट्ट्यांना जागा दिली की आणखी कमी. ४के पडद्यावर तेच पान साधारण ६० टक्क्यांवर पूर्ण दिसते. रचना आणि बारकावा एकत्र नजरेत राहतात. झूम करा, डोळा काढा, परत मागे या, पुन्हा पुढे जा, ही धावपळ कमी होते. गर्दीची दृश्ये, नकाशे, वाडे आणि घाट यांची तपशीलवार चित्रे करणाऱ्यांसाठी हा लाभ खरोखर मोठा आहे.

दुसरा लाभ कॉमिक्सवाल्यांचा. पानावरचे फुगे, अक्षरे आणि चौकटी पूर्ण पान पाहतानाच वाचता आल्या तर पानाचा तोल पटकन साधतो.

एक सवय मात्र बदलावी लागते. १०० टक्के झूमवर दाट पडद्यावरचे चित्र आकाराने लहान दिसते, त्यामुळे जुन्या मापाचा ब्रश बारीक वाटतो आणि नकळत जाड रेघ काढली जाते. नवा पडदा आल्यावर सुरुवातीची काही चित्रे छापून रेघेची जाडी ताडून घ्यावी.

पडद्यामागचा खर्च

४के मध्ये फुल एचडीच्या चौपट पिक्सेल आहेत. कॅनव्हास हलवताना किंवा फिरवताना ते सगळे सेकंदाला ६० वेळा पुन्हा रंगवायचे असतात. जुन्या लॅपटॉपला हे जड जाते. चित्र फिरवताना धक्के बसायला लागले आणि रेघ पेनाच्या मागे रेंगाळायला लागली, की नव्या पडद्याचे सगळे सुख मावळते.

यात कॅनव्हासचा भार वेगळा धरावा लागतो. ए-४, ३०० डीपीआयचा एक थर मेमरीत सुमारे ३५ एमबी जागा घेतो, ए-३ चा सुमारे ७० एमबी. ए-३ चे ३० थर झाले की २ जीबी ओलांडले जातात. डीपीआय दुप्पट केला की भार चौपट होतो. ८ जीबी रॅमच्या संगणकाला ४के टॅब्लेट जोडण्यापेक्षा आधी रॅम वाढवणे शहाणपणाचे आहे. तो खर्च तुलनेने लहान आहे आणि त्याचा फायदा प्रत्येक फटकाऱ्यात मिळतो.

केबलचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण पुष्कळ जण तिथेच अडकतात. जुन्या लॅपटॉपवरचे एचडीएमआय १.४ पोर्ट ४के चित्र सेकंदाला ३० च वेळा पाठवू शकते. ३० हर्ट्झवर चित्र काढणे त्रासाचे आहे, कारण पेन पुढे जाते आणि रेघ मागून येते. ६० हर्ट्झसाठी एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ लागते. यूएसबी-सी पोर्ट दिसले म्हणजे काम झाले असेही नाही. त्या पोर्टमधून पडद्याचे चित्र जाते का, म्हणजे डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोडची सोय आहे का, हे लॅपटॉपच्या तपशिलात वाचून घ्यावे लागते.

राहता राहिली सॉफ्टवेअरची मापे. दाट पडद्यावर बटणे आणि मेनू बारीक होतात. विंडोजमध्ये १५० किंवा २०० टक्के स्केलिंग लावून ती मोठी करता येतात आणि आजची बहुतेक चित्रकलेची सॉफ्टवेअर ते नीट पाळतात. जुन्या आवृत्त्या पाळत नाहीत. मॉनिटर आणि टॅब्लेट यांचे स्केलिंग वेगवेगळे असेल तर कधीकधी कर्सर पेनापासून सरकतो आणि ड्रायव्हरची जुळणी पुन्हा करावी लागते. चाळिशी ओलांडलेल्या चित्रकारांनी तर स्केलिंगला टाळाटाळ करूच नये. बारीक चिन्हे वाचायला मान पुढे काढून बसण्याची सवय काही महिन्यांत पाठीला आणि मानेला महागात पडते.

हाताला काय लागते

हाताचा हिशेब पिक्सेलपेक्षा वेगळा आहे, आणि माझ्या मते निर्णयात त्याला पहिले स्थान मिळायला हवे.

पहिली गोष्ट विलंब. हात सेकंदाला २० सेंटिमीटर वेगाने फिरतो असे धरू. पेनाची हालचाल पडद्यावर उमटायला ५० मिलिसेकंद लागले, तर रेघ पेनाच्या १ सेंटिमीटर मागे राहते. अ‍ॅपलने २०१९ मध्ये आयपॅडओएस १३ बरोबर अ‍ॅपल पेन्सिलचा विलंब २० वरून ९ मिलिसेकंदांवर आणला. तो बदल चित्रकारांना पिक्सेलवाढीपेक्षा जास्त जाणवला, यात नवल नाही. १२० हर्ट्झचा पडदाही याच कारणाने भावतो, कारण नवे चित्र १६.७ ऐवजी ८.३ मिलिसेकंदांत उमटते.

दुसरी गोष्ट पेनाचे टोक आणि रेघ यांतली फट. काच आणि पडदा यांच्यामध्ये हवा असेल तर रेघ टोकाच्या खाली कुठेतरी उमटल्यासारखी वाटते. काच पडद्याला चिकटवलेली असली की ही फट जवळजवळ जाते. दुकानात विचारताना लॅमिनेटेड आहे का, असे विचारावे. लॅमिनेटेड फुल एचडी आणि बिनलॅमिनेटेड २.५के यांतून निवड करायची झाली, तर मी पहिला घेईन.

तिसरी गोष्ट हलक्या हाताची रेघ. किती थोड्या दाबाला पेन प्रतिसाद देते, हे पातळ्यांच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचे आहे. चांगली पेने २-३ ग्रॅम दाबालाही रेघ देतात. पेन्सिलीच्या हलक्या छायांकनाची सवय असलेल्या हाताला हा फरक लगेच कळतो.

चौथी गोष्ट रेघेचा थरथराट. पट्टी धरून तिरकी रेघ अगदी सावकाश ओढली तर काही टॅब्लेटवर ती लाटांसारखी वाकडी येते. हा दोष पिक्सेल वाढवून जात नाही.

पाचवी गोष्ट पृष्ठभाग. कागदासारखा खरखरीतपणा हवा म्हणून मॅट फिल्म लावली किंवा कोरीव काच घेतली तर हाताला पकड मिळते. मात्र पडद्यावर बारीक चमचमाट येतो, रेखीवपणा थोडा कमी होतो आणि पेनाची टोके लवकर झिजतात. दाट पडद्याचे जादा पैसे मोजून त्यावर स्वस्तातली खरखरीत फिल्म चिकटवली, तर घेतलेला लाभ आपल्याच हाताने घालवला जातो.

रंगांचाही उल्लेख करायला हवा. फिके किंवा निळसर दिसणारे दाट पडदे असतात आणि उत्तम रंग दाखवणारे साधे पडदेही असतात. एसआरजीबी या प्रचलित रंगमानकाचा पूर्ण पल्ला झाकणारा पडदा हे किमान धरावे.

बिनपडद्याचा टॅब्लेट असेल तर

कित्येक कसलेले चित्रकार आजही समोर मॉनिटर आणि मांडीवर किंवा टेबलावर साधा पेन टॅब्लेट ठेवून काम करतात. त्यांचा प्रश्न उलटा असतो. मॉनिटर ४के घेतला, तर टॅब्लेटही बदलावा का?

पेनाची बारकाई इथेही पुरेशी असते. वॅकॉमच्या छोट्या इंट्युओसचे कामाचे क्षेत्र १५२ × ९५ मिलिमीटरचे आणि इंचाला २५४० रेषांचे आहे. त्याच्या रुंदीत १५ हजारांवर रेषा बसतात, तर ४के मॉनिटरच्या रुंदीत ३८४० पिक्सेल. पिक्सेलमागे चार रेषा आहेत, म्हणजे तिकडे तोटा नाही. अडचण हाताच्या प्रमाणाची आहे. २७ इंची मॉनिटरची रुंदी सुमारे ६०० मिलिमीटर असते. छोट्या टॅब्लेटवर हात १ मिलिमीटर हलला की पडद्यावर कर्सर ४ मिलिमीटर हलतो, आणि हाताची थरथरही चौपट होते. इंट्युओस प्रोच्या मध्यम आकारात हे प्रमाण तीनच्या खाली येते आणि मोठ्या आकारात दोनच्या खाली. म्हणून मोठा मॉनिटर घेणाऱ्याने टॅब्लेटचे रिझोल्यूशन सोडून त्याचा आकार पाहावा. ड्रायव्हरमध्ये पडद्याचे आणि टॅब्लेटचे प्रमाण सारखे ठेवण्याचा पर्यायही सुरू करावा. तो बंद असेल तर काढलेले वर्तुळ अंडाकृती उमटते.

कमी खर्चात डोळ्यांना आराम हवा असेल, तर चांगला मॉनिटर आणि मध्यम आकाराचा साधा टॅब्लेट ही जोडी अजूनही सर्वांत किफायतशीर आहे.

आयपॅड आणि त्याच्या वर्गातले

स्वतंत्र चालणाऱ्या टॅब्लेटमध्ये रिझोल्यूशनचा प्रश्न जवळजवळ मिटलेला आहे. साधा आयपॅड, आयपॅड एअर आणि आयपॅड प्रो या तिन्हींचे पडदे इंचाला २६४ पिक्सेलचेच आहेत. आयपॅड मिनी ३२६ चा. म्हणजे साध्या आयपॅडवरून प्रोवर जाताना पडदा तसूभरही दाट होत नाही. फरक पडतो तो लॅमिनेटेड काचेमुळे, २०१७ पासून प्रोमध्ये असलेल्या १२० हर्ट्झच्या वेगामुळे आणि जास्त रॅममुळे. प्रोक्रिएट या चित्रकलेच्या अ‍ॅपमध्ये किती थर मिळणार हे कॅनव्हासच्या मापावर आणि यंत्राच्या रॅमवर ठरते, त्यामुळे छापील कामे करणाऱ्यांनी रॅमचा आकडा आधी पाहावा. कोणती अ‍ॅपल पेन्सिल कोणत्या आयपॅडला चालते याची जुळणी किचकट आहे. ती खात्री पैसे भरण्यापूर्वी करावी.

सॅमसंगच्या गॅलेक्सी टॅबच्या एस मालिकेत पेन खोक्यातच मिळते आणि चित्र काढण्यासाठी ते चार्ज करावे लागत नाही. पडदे दाट आहेत. प्रोक्रिएट तिथे चालत नाही, पण क्लिप स्टुडिओ पेंटसारखी समर्थ सॉफ्टवेअर चालतात.

चित्र जाणार कुठे?

टॅब्लेट निवडताना आपले काम कुठे पाहिले जाणार आहे, याचा विचार क्वचितच होतो. इन्स्टाग्रामवरच्या चित्राची रुंदी १०८० पिक्सेल असते. वेबटून ८०० पिक्सेल रुंदीवर चढतात. एवढ्यासाठी ४के ची गरज नाही.

मासिके आणि दिवाळी अंक ३०० डीपीआयवर छापले जातात. शुद्ध काळ्या-पांढऱ्या रेखाचित्रांना ६०० डीपीआय द्यावा, म्हणजे छपाईत कडा धारदार राहतात. गावोगावच्या फ्लेक्सची बाब निराळी. तो लांबून पाहिला जातो, त्यामुळे ७२ डीपीआयही पुरतो. पण १० × ८ फुटांचा फ्लेक्स ७२ डीपीआयनेही जवळपास ६ कोटी पिक्सेलचा होतो. तिथे परीक्षा संगणकाची असते. निम्म्या मापावर काम करून शेवटी मोठे केले तरी चालते.

रोज आठ-दहा तास मोठ्या कॅनव्हासवर बारीक काम, पुस्तकांची पूर्ण पाने, संकल्पनाचित्रे, मुखपृष्ठे, हे ज्यांचे काम आहे त्यांच्यासाठी मात्र दाट पडदा ही चैन नाही. त्यांच्या डोळ्यांची ती काळजी आहे.

कोणी काय करावे

शिकणाऱ्या विद्यार्थ्याने साधा पेन टॅब्लेट घ्यावा. क्रितासारखे मोफत सॉफ्टवेअर त्याच्या जोडीला आहे. हात तयार होण्याच्या काळात पिक्सेल आड येत नाहीत.

११ ते १३ इंची पडद्यावर काम करणाऱ्याने रिझोल्यूशनसाठी टॅब्लेट बदलू नये. जागा कमी पडत असेल तर मोठा पडदा घ्यावा.

१५-१६ इंची फुल एचडी असेल आणि तो नीट चालत असेल, तर थांबावे. बदलायची वेळ आलीच, तर लॅमिनेटेड २.५के घ्यावा आणि ४के साठीचे जादा पैसे वाचवावेत.

२१-२२ इंची फुल एचडीवर पूर्ण वेळ काम करणाऱ्याने रिझोल्यूशन जरूर वाढवावे. २४ इंची ४के ही या वर्गातली सर्वांत सार्थ खरेदी आहे, पण त्याआधी संगणक, रॅम आणि पोर्ट यांचा हिशेब मांडावा. तो बसत नसेल तर २४ इंची २.५के वर समाधान मानता येईल. सुधारणा बेताची असेल, पण काम अडणार नाही.

खरेदीआधी शक्य असेल तर टॅब्लेट प्रत्यक्ष हाताळावा. सावकाश तिरक्या रेघा काढाव्यात, अगदी हलक्या दाबाने छायांकन करून पाहावे, चारही कोपऱ्यांत कर्सर पेनाखालीच राहतो का ते तपासावे. मृत पिक्सेलबद्दल वॉरंटी काय म्हणते, सर्व्हिस कुठे मिळते, टोके सहज मिळतात का, हेही विचारून घ्यावे. सेकंडहँड घेताना त्या मॉडेलचा ड्रायव्हर आजच्या विंडोजवर किंवा मॅकवर चालतो का, याची खात्री करावी. ड्रायव्हर बंद झाला तर उत्तम पडदाही निरुपयोगी ठरतो.

आणि सर्वांत आधी घरीच एक चाचणी करावी. आपल्या सध्याच्या पडद्यावर १०० टक्के झूम ठेवून एक बारीक, काळी, तिरकी रेघ काढा आणि नेहमी बसता त्याच अंतरावरून तिच्याकडे पाहा. पायऱ्या खुपत असतील तर दाट पडद्यासाठी खर्च करा, तो वाया जाणार नाही. खुपत नसतील तर ते पैसे रॅमवर, चांगल्या खुर्चीवर आणि पाहण्यासारख्या चित्रांच्या पुस्तकांवर लावा. चित्र त्यानेच जास्त सुधारेल.